माझं नाव, त्यांचे चेहरे

पैनगंगेपलीकडच्या पाटणबोरीहून लग्नाच्या ऑर्डरसाठी फोन येतो, तेव्हा बोलणाऱ्याने माझे रील्स आणि गूगलवरचे स्टार आधीच पाहिलेले असतात. आदिलाबादेत एकट्याने फोटोग्राफी करणाऱ्याच्या पाठीशी कंपनी नसते. नाव हेच भांडवल. ते जपायचं कसं, याचा विचार मला रोज करावा लागतो.

एका लग्नानंतर नवरदेवाच्या काकांनी एकच स्टार दिला : 'अल्बम उशिरा मिळाला.' उशीर झाला होताच. उरलेली रक्कम कापूस विकल्यावर येणार होती आणि छपाईवाला उधारीवर अल्बम सोडत नाही. हे सगळं उत्तरात लिहिता आलं असतं. पण ते उत्तर साऱ्यांना दिसतं. एका घराची तंगी चव्हाट्यावर मांडून मी कोणतं नाव कमावणार होतो? 'अल्बम उशिरा पोचला, हे खरं आहे. आज फोन करतो,' एवढंच लिहिलं आणि फोन केला. स्टार तसाच राहिला. नियम मोडलेला नसेल, तर नावडता अभिप्राय गूगल काढत नाही, आणि तेच रास्त आहे.

चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात काही जण सूट देतात. गूगलला ते चालत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. विकतची स्तुती म्हणजे पुढच्या लग्नघराची फसवणूक, असं मी मानतो.

पण खरी कसोटी फोटो निवडताना लागते. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत गोंडांच्या मेस्राम कुळातल्या नव्या सुना 'भेटिंग'साठी, म्हणजे नागोबाच्या पहिल्या भेटीसाठी, येतात : पांढऱ्या साड्या, तोंडावर ओढलेला पदर. असा एक फोटो टाकला, तर माझं पेज गावोगावी पोचेल. पण त्या नागोबाच्या दर्शनाला आलेल्या असतात, माझ्या जाहिरातीला नव्हे. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी आणि त्या सुनेने हो म्हटल्याशिवाय मी कॅमेरा उचलत नाही.

लग्नातही तेच. वडिलांनी होकार दिला, म्हणजे नवरीने दिला असं होत नाही. फोटोग्राफरचं नाव दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर उभं राहतं, म्हणून त्या चेहऱ्यांची अब्रू आधी. या धंद्यात येणाऱ्या मुलांना मी सांगतो : इसाराच्या पावतीवरच परवानगीची ओळ ठेवा, तेलुगू असो वा मराठी, नवरीच्या भाषेत, आणि सही तिचीच घ्या.