तापणारा गेमिंग संगणक

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, पर्जन्यछायेतले तालुके. ऐन उन्हाळ्यात इथला पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि पंख्यावर चालणारा संगणक खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. तयार मिळणाऱ्या अनेक गेमिंग संगणकांची पुढची बाजू जवळपास बंद असते, मागे एकच पंखा असतो. उसाच्या गळीत हंगामातली रस्त्यांची धूळ कॅबिनेटच्या जाळीत घट्ट बसते. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो.

हे टाळायला आधी कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. वॉरंटीच्या अटी वाचून, वीज तोडून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी. तेवढ्याने भागले नाही, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलावी आणि पुढे हवा आत घेणारा पंखा बसवावा.