विहाराची चावी

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या चाव्या अकरा वर्षे आमच्याच खिशात होत्या. अध्यक्ष बदलले, सरचिटणीस दोनदा बदलले, खजिनदार मात्र आम्हीच. आम्ही बी.कॉम., कचेरीत कारकून. तेव्हा पावतीपुस्तक, कीर्द, बँकेचे पासबुक, धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा वर्षाचा हिशेब, सारे आमच्याकडे. त्याबरोबर चाव्याही आल्या. जुडगा खिशात खुळखुळू लागला की आपण कोणीतरी आहोत असे माणसाला वाटते, हे आधीच कबूल केलेले बरे.

विहार चेंबूरच्या बाजूला आहे. आमच्या लहानपणी तिथे पत्र्याची शेड होती. एक पंचशील ध्वज, बाबासाहेबांची तसबीर, बुद्धमूर्ती आणि एक ट्यूबलाईट. दार होते, पण कुलूप कधी पाहिल्याचे आठवत नाही. वस्तीतली पोरे संध्याकाळी सतरंजी पसरून तिथेच अभ्यासाला बसत. १९९६ सालची आमची दहावी त्या ट्यूबलाईटखालीच झाली. पावसात पत्रा इतका वाजे की मोठ्याने पाठ केलेलेही ऐकू येत नसे!

पुढे आईवडिलांच्या पिढीने पै-पैशाची वर्गणी काढून पक्की इमारत उभी केली. खाली विहार, वर हॉल. लाद्या आल्या, पंखे आले, देणगीदारांच्या नावांची पाटी आली. एकदा स्पीकर चोरीला गेला आणि कुलूप आले. तेव्हापासून विहार उघडायचा तो रविवारच्या वंदनेला, १४ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला, ६ डिसेंबरच्या तयारीला. बाकीचे दिवस वरचा हॉल भाड्याने : लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, वाढदिवस. भाड्यातून विजेचे बिल निघे, रंगकाम निघे. दरवर्षी शिल्लक वाढलेली दिसली की आम्ही सभेत हिशेब जरा मोठ्या आवाजात वाचत असू.

तीन वर्षांपूर्वीची मार्च महिन्यातली गोष्ट. हॉलमध्ये हळद होती. (बौद्ध पद्धतीने लग्न लावायचे आणि आदल्या रात्री हळदीला डीजे आणायचा, हे आपल्याकडे अजून चाललेच आहे, तो विषय वेगळा.) आम्ही जिना चढत होतो, तर रोषणाईच्या उजेडात पायरीवर एक मुलगी पुस्तक घेऊन बसलेली. कानात कापसाचे बोळे. आम्हाला पाहून तिने एक बोळा काढला.

"जयभीम काका. हळद किती वाजेपर्यंत आहे?"

"दहाला आवाज बंद. कायदाच आहे."

"मग दहानंतर हॉल उघडा ठेवाल का? परवा गणिताचा पेपर आहे. घरात वहिनीचं बाळ रात्रभर रडतं. आणि दिवसा बाबा झोपतात, त्यांची रातपाळी असते."

आम्ही म्हणालो, "दहानंतर हॉल बंद ठेवायचा नियम आहे." नियम आम्हीच लिहिलेला होता. ती "बरं काका" म्हणाली आणि बोळा पुन्हा कानात घातला.

घरी येऊन जेवताना आम्ही ही हकीकत सांगितली, आजकालच्या पोरांची चिकाटी म्हणून, कौतुकानेच. सौभाग्यवती ताट पुढे करीत एवढेच म्हणाल्या, "तुमची दहावी कुठं झाली होती?"

जेवण गेले नाही. रात्री कपाटातली पुस्तके काढून बसलो. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आहेत, वाचनालये आहेत, अभ्यासवर्ग आहेत आणि सामाजिक केंद्रेही आहेत. पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. विहार या शब्दाचा अर्थही मुळात भिक्खूंचे राहण्या-शिकण्याचे ठिकाण असाच आहे. नालंदा हा महाविहारच होता. हे सारे आम्ही १४ एप्रिलच्या भाषणात किती वेळा सांगितले असेल! आणि चावी आमच्या खिशात.

बैठकीत विषय मांडला तेव्हा मात्र सोपे गेले नाही. भाडे बुडाले तर वीजबिल कोण भरणार, हा प्रश्न आमचाच होता, तो आता दुसऱ्यांनी विचारला. मुले-मुली रात्री एकत्र बसणार, काही झाले तर जबाबदारी कुणाची, असे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले. मागे बसलेल्या महिला मंडळातल्या एक आजी उठल्या. त्यांचे सारे आयुष्य पालिकेच्या झाडूखात्यात गेले. म्हणाल्या, "जबाबदारी आमची. मी दारात बसते. मला तसंबी रात्रीची झोप येत नाही." ठराव झाला : जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत वरचा हॉल भाड्याने द्यायचा नाही, एरवी संध्याकाळी सात ते अकरा अभ्यासिका, आणि चावी महिला मंडळाकडे. दोन सभासदांनी राजीनामे दिले. त्यातले एक अजून आमच्याशी बोलत नाहीत.

ठराव एप्रिलमध्ये झाला. त्या मुलीचा पेपर तर होऊन गेला होता. निकाल लागला तेव्हा गणित राहिले होते. जुलैतल्या पुरवणी परीक्षेसाठी ती अभ्यासिकेत येऊ लागली, नेहमी दाराजवळ बसायची. पास झाली. आम्ही तिला त्या रात्रीबद्दल काही बोललो नाही, तीही नाही.

दार उघडे राहिले तशी आणखी माणसे आत आली. रविवारी वंदनेनंतर आता खाली एक टेबल लागते. शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरचे अर्ज, जातीचे दाखले, पडताळणीची कागदपत्रे. इथे मात्र आमची कारकुनी कामाला आली. पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे पुष्कळांना शेवटच्या आठवड्यात कळते. मग गावाकडच्या शाळेतून आजोबांचा दाखला आणा, नाहीतर कोतवाल बुकातली नोंद शोधा. नातवाच्या दाखल्यावर बौद्ध, आजोबांच्या नोंदीवर महार, म्हणून एखादा तरुण घाबरतो. त्याला सांगावे लागते की १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या; दोन्ही कागद जपून ठेव, एकही फाडू नकोस.

वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात तेव्हा वीस-पंचवीस बाया असतात आणि पुरुष तीन. त्यांतले एक आम्ही, तेही माईक लावायला. वाचन अर्धा तास चालते, नंतरचे बोलणे तासभर. कुणाच्या घरी मार झाला, कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या सुनेला काम हवे, हे त्या तासात निघते. पूर्वी हे नळावर निघत असे. आता बसून ऐकणारी माणसे असतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघीजणी त्या घरी जाऊन येतात.

हिशेबाचे म्हणाल तर शिल्लक घटली. गेल्या वर्षी वीजबिलासाठी दारोदार फिरावे लागले. दर घरामागे वर्गणी ठरवली, निम्म्या घरांनी वेळेवर दिली. रंगकाम पुढे ढकलले आहे. वरच्या हॉलचा एक पंखा तीन महिने बंद आहे.

आणि परवा आमचा मावसभाऊ आला. मुलीचे लग्न फेब्रुवारीत ठरलेय, हॉल हवा, भाडे दुप्पट देतो म्हणाला. दुप्पट म्हटल्यावर पंखा आणि रंग दोन्ही डोळ्यांसमोर आले, हे लपवत नाही. "दादा, तुझ्या शब्दाबाहेर तिथं कोण आहे?" तो म्हणाला.

आम्ही त्याला आजींच्या घराचा पत्ता दिला.