खुरदाद महिना

माझ्या वडिलांच्या, दादांच्या, सेवापुस्तकात जन्मतारीख होती १ जून १९३५. आजी मात्र सांगायची, "आखाजीच्या तोंडावर झाला माझा लेक." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती कधी जूनमध्ये येत नाही. पण त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, आई हंगाम सांगायची आणि वहीत १ जून पडायचा. सिल्लोड तालुक्यात १ जूनला जन्मलेलं माणूस घरटी एक तरी सापडेल. दादा पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. नवीन मूल आलं की ते त्याच्या घरी जात, आईला तिथी विचारत आणि जुनं पंचांग काढून तारीख लावत. अंदाजे तारीख आयुष्यभर वागवलेल्या माणसाची ती काळजी होती, हे मला फार उशिरा कळलं.

दादा गेल्यावर भाच्यानं घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. दादांची खरी तारीख शोधायचं काम माझ्याकडे आलं.

सर्वांत सोपी वाट सेतू केंद्राची किंवा 'आपले सरकार'ची. अर्ज घरबसल्या होतो. पण ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद असेल, तरच दाखला मिळतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानंतर जन्मलेल्या माझ्या भावंडांचे दाखले मिळाले, दादांच्या नावावर 'नोंद आढळून येत नाही' असं लिहून आलं. त्या कागदावर पुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन उशिराची नोंद करता येते. कामकाजाला तो दाखला चालतो, पण त्यात आपणच दिलेली तारीख आपल्याला परत मिळते. वंशावळीला त्या काळी, त्या हातानं लिहिलेला कागद हवा.

विदर्भातल्या लोकांना कोतवाल बुकाच्या नकला मिळतात. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथला जुना कागद बराचसा उर्दूत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते साऱ्या मराठवाड्यानं पाहिलं. घराण्याचे भाट वंशावळ वाचून दाखवतात. त्यांच्या पोथीत सात पिढ्या सापडतात, जन्मतारीख नाही.

उरली शाळा. दादा पहिल्यांदा ज्या शाळेत गेले, तिथला प्रवेश निर्गम उतारा मी मागितला. कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर निघालं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. ओळ उर्दूत होती. आकडा एकानं वाचून दिला : १३४५. "हिजरी असणार," तो म्हणाला. म्हणजे १९२६-२७. त्या हिशेबानं दादा आपल्या थोरल्या भावापेक्षा मोठे ठरत होते. मी हताश होऊन निघाले होते, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "मास्तरसाहेबांना दाखवा."

मास्तरसाहेब उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. बाजारातल्या त्यांच्या घरासमोर मिरचीची पोती उतरत होती, ठसक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं. त्यांनी आधी पाणी दिलं. मग भिंग काढलं आणि ओळीवर बोट न टेकवता, वरून फिरवत वाचलं. "ताई, हे बघा. आकड्यावर बारीक 'फे' आहे. फे म्हणजे फसली सन. आणि पुढे खुरदाद लिहिलंय. खुरदाद हिजरीत नसतोच."

पाठकोऱ्या कागदावर त्यांनी हिशेब मांडला. हैदराबादी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन : १३४५ म्हणजे १९३५. पण वर्ष सुरू होतं ऑक्टोबरात, आझर महिन्यापासून. खुरदाद सातवा. तो येतो एप्रिलमध्ये, म्हणजे साल बदललं, १९३६. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "घरात कोणी काही सांगत होतं का, कोणत्या दिवसांतला जन्म?"

"आखाजीच्या तोंडावर," मी म्हणाले आणि मला पुढे बोलता येईना.

निरक्षर आजीचा शब्द ऐंशीएक वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनी ओळीनं खरा ठरवला होता. कागदावर वर्षभरानं मोठे झालेले दादा ५८ व्या वर्षाच्या नियमानं मे १९९३ अखेर निवृत्त झाले. वर्गातले जवळजवळ अकरा महिने त्यांच्या हातून गेले. त्याची भरपाई आता कोणत्याच दाखल्यानं होणार नाही. पण त्यांचा जन्म मात्र मला सापडला.

मी पर्समध्ये हात घातला, तसा मास्तरसाहेबांनी कागदाची दुसरी बाजू पुढे केली. "पैसे नकोत. हे बारा महिने लिहून घ्या. माझे डोळे किती दिवसांचे? कोणी विचारत आलं, तर सांगायला कोणीतरी हवं." ते सांगत गेले, मी देवनागरीत उतरवत गेले : आझर, दै, बहमन, इस्फंदार…

दोन वर्षांनी मास्तरसाहेब गेले. तो कागद मी दादांच्या पंचांगात ठेवला आहे. उर्दूचा कायदा, म्हणजे अंकलिपी, विकत आणून मी अलिफपासून सुरुवात केली. अजून सलग वाचता येत नाही, पण 'फे' ओळखता येतो. गेल्या आठवड्यात अजिंठ्याकडचे एक आजोबा वडिलांचा उतारा घेऊन दारात आले. मी आधी त्यांना पाणी दिलं आणि मग विचारलं, "घरात कोणी काही सांगत होतं का, कोणत्या दिवसांतला जन्म?"