दोन कप

आजही दोघांचा चहा टाकला. ती गेली त्याला चाळीस दिवस झाले. सकाळी पेज ढवळताना खाली बसली, ती उठलीच नाही. लोक येतात, ‘सावरा’ म्हणतात. कसं, ते कुणी सांगत नाही.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याची खाडी भरतीला लागली होती. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ साली इथेच, रत्नागिरीत वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. तो इथल्याच मातीत राहिला. शाळेत हे नुसतं पाठ केलं होतं. त्याला मागे ठेवून निघताना त्या बाईचा पाय कसा उचलला असेल?

मुलगा म्हणतो, “बाबा, पुण्याला या.” दाराशी तिची अबोली अजून फुलते. तिला पाणी कोण घालणार?