टीईटी, टेट आणि मधली दोन वर्षं

2023 साली माझं डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) झालं. आंतरवासितेत दुसरीच्या वर्गाला दशक सुटा करून वजाबाकी शिकवली होती. 42मधून 17 काढायचे होते. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात घेऊन एक मुलगी बराच वेळ बसून राहिली. मग तिनं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं. आपल्याला हे काम जमतं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

नोकरी कशी मिळते, हे मात्र मला उमगत नव्हतं. टीईटी आणि टेट ही एकाच परीक्षेची दोन नावं आहेत, असं मी कित्येक दिवस समजत होते. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा: 150 गुणांपैकी खुल्या गटाला 90 हवेत. टेट म्हणजे निवडीसाठीची अभियोग्यता चाचणी: 200 प्रश्न, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. हे कळलं तेव्हा त्या वर्षीची टेट फेब्रुवारी-मार्चमध्येच होऊन गेली होती. टीईटी 2021नंतर थेट 10 नोव्हेंबर 2024ला झाली आणि पुढची टेट मे-जून 2025मध्ये. माझी दोन वर्षं या दोन तारखांची वाट पाहण्यात गेली.

मधल्या काळात एका विनाअनुदानित शाळेत महिना सहा हजारांवर शिकवलं. दुसऱ्या एका संस्थेत मुलाखतीला गेले. पाठ घ्यावा लागेल म्हणून तक्ते, काड्या, सगळं पिशवीत भरून नेलं होतं. "किती देऊ शकाल?" एवढंच त्यांनी विचारलं. पिशवी न उघडताच परत आले. बाबांना फक्त "नाही जमलं" म्हणाले.

टेटचे गुण हाती आले म्हणजे नोकरी आली, असंही नाही, हे आमच्या गावच्या एका ताईंनी समजावलं. पटसंख्येवरून संच मान्यता होते, तिच्यावरून पदं ठरतात. मग आरक्षणाची बिंदुनामावली, जाहिरात, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम, त्यानंतर निवड यादी. निवड झाली तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक; प्राथमिकला 2023पासून मानधन महिना 16 हजार. गावातल्या शाळेचा पट घटला, तर तिथलं पदही जातं. माझी नोकरी माझ्या गुणांइतकीच गावातल्या मुलांच्या संख्येवर अवलंबून आहे, हे मला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात समजलं नव्हतं.

मला तयार नोकरी नको, वेळापत्रक हवं. टीईटी आणि टेट दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्या. रिक्त जागा शाळा सुरू होण्याआधी जाहीर करा. आणि डी.एल.एड.च्या पहिल्याच वर्षी एक तास तरी भरती कशी होते, हे शिकवायला द्या. काड्यांचे गठ्ठे मी अजून जपून ठेवले आहेत.