लिस्बन : पंधरा मिनिटांची वाट आणि एक जळालेले दफ्तर

१/ पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे पायी चालणाऱ्यांचे शहर आहे. रोसियू चौकातून निघून तागुस नदीचा काठ गाठायला रमतगमत पंधरा मिनिटे लागतात. मी ती वाट तीन दिवस, निरनिराळ्या प्रहरी चाललो. तिच्यावर जे दिसले आणि जे दिसत नाही, ते क्रमाने मांडतो. कोकण आणि गोव्याच्या इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

२/ रोसियू चौकाची फरसबंदी काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटांची आहे. उत्तरेला १८४६ साली उघडलेले राष्ट्रीय नाट्यगृह दिमाखात उभे आहे. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा वाडा होता. १५६० साली गोव्यात सुरू झालेले धर्मन्यायालय लिस्बनच्याच या यंत्रणेची शाखा होते. संध्याकाळी नाटकाला आलेल्या रसिकांची गर्दी पाहताना ही गोष्ट मनातून जात नव्हती.

३/ शेजारीच सांव दोमिंगुश चर्च आहे. १५०६ च्या एप्रिलमध्ये येथूनच सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल सुरू झाली. तिचे स्मारक चर्चसमोर उभे राहिले ते २००८ साली, म्हणजे पाचशे वर्षांनंतर. दगडाला बोलायला कधीकधी इतका वेळ लागतो.

४/ येथून नदीकडे जाणारा भाग म्हणजे बायशा. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते. त्यांना सोनार, चांभार, खोगीर करणारे अशा कारागिरांची नावे. आपल्या तांबट आळीची आठवण यावी अशी ही पद्धत. फरक एवढाच की येथील वस्ती हळूहळू वाढलेली नाही. ती नकाशावर आधी आखली गेली.

५/ कारण १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चमध्ये पेटलेल्या मेणबत्त्या, आणि प्रचंड भूकंप. पाठोपाठ नदीतून लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. (संदर्भासाठी : चिमाजी अप्पांनी वसई जिंकून तेव्हा सोळा वर्षे झाली होती.) पुढे मार्किश द पोंबाल या नावाने ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने शहराची पुनर्रचना हाती घेतली. भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, जेणेकरून धक्का बसला तरी घर कोसळू नये. भूकंपाचा विचार करून इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेल्या जगातील आरंभीच्या बांधकामांत याची गणना होते.

६/ टेकडीवरचा कार्मू मठ मात्र पुन्हा छतबंद झाला नाही. त्याच्या उघड्या कमानींतून आकाश दिसते. आत पुरातत्त्व संग्रहालय आहे. निसर्गाने केलेली जखम या शहराने झाकली नाही.

७/ बायशातील एका बँकेच्या इमारतीखाली उतरता येते. तेथे रोमन काळातील मासे खारवण्याचे हौद आहेत आणि भुसभुशीत, ओल्या जमिनीत ठोकलेले पोंबालकालीन लाकडी खुंटही आहेत. हे खुंट पाण्याखाली राहिले तरच टिकतात. वर बँकेचे व्यवहार, खाली ओल्या मातीवर तोललेले शहर!

८/ वाट नदीकाठच्या भव्य चौकात संपते. अधिकृत नाव ‘व्यापार चौक’. पण लोक आजही ‘तेरैरू दु पासू’, म्हणजे राजवाड्याचे पटांगण, असेच म्हणतात. राजवाडा नष्ट होऊन अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याचे नाव जिभेवर उरले. पूर्वेकडील व्यापाराचा कारभार पाहणारी ‘काझा दा इंदिया’ ही कचेरी येथेच होती. मसाल्यांच्या व्यवहाराचे तिचे दफ्तर १७५५ च्या आपत्तीत नाहीसे झाले. त्या कागदांत आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचाही हिस्सा होता.

९/ चौकातून पूर्वेला पाच मिनिटांवर ‘काझा दुश बिकुश’ हे टोकदार दगडांच्या दर्शनी भागाचे घर आहे. आफोंसू द आल्बुकेर्कने १५१० साली आदिलशाहीकडून गोवा जिंकला आणि तेथील मुसलमान रहिवाशांच्या कत्तलीची हकिगत स्वतःच राजाला पत्राने कळवली. हे घर त्याचा मुलगा ब्राश याने १५२३ च्या सुमारास बांधले. याच ब्राशने १५५७ मध्ये वडिलांच्या पत्रांच्या आधारे त्यांच्या पराक्रमाचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

१०/ भूकंपात या घराचे वरचे मजले गेले. ते १९८० च्या दशकात नव्याने उभारले. आज तेथे नोबेलविजेते कादंबरीकार जोझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी आहेत. जेत्याच्या मुलाचे घर सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या लेखकाच्या वाट्याला आले.

११/ या पंधरा मिनिटांच्या वाटेने मला एक गोष्ट शिकवली. जेत्याची गाथा छापली गेली म्हणून उरली. व्यापाराच्या नोंदी एकाच ठिकाणी होत्या म्हणून गेल्या. पण गोव्याच्या दफ्तरखान्यातील कागद राहिले, आणि त्यांतूनच पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. इतिहासाची आवड असलेल्या तरुण मित्रांनो, तुमच्या गावच्या देवस्थानात, वाड्यात, तलाठ्याच्या कपाटात जे जुने कागद आहेत, त्यांची प्रत आजच करून ठेवा. शहर पुन्हा बांधता येते, हे लिस्बनने दाखवले. त्याचे दफ्तर मात्र त्यालाही पुन्हा लिहिता आले नाही.