नेम आणि दणका

विस्कॉन्सिनला प्रोजेक्टवर असताना नोव्हेंबरात टीममधल्या एका मित्रासोबत हरणाच्या शिकारीला गेलो. मी नुसता बघ्या. त्याची रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमची, भलतीच ताकदवान. पण दणक्याच्या धास्तीने चाप ओढतानाच तो दचकला आणि गोळी पोटात लागली. रक्ताचे थेंब शोधत आम्ही तीन तास बर्फात फिरलो. हरीण सापडलं तेव्हा जिवंत होतं.

रात्री त्याच्या वडिलांनी आपली जुनी .२४३ त्याच्यापुढे ठेवली. काडतूस लहान, धक्का कमी. पण पुढच्या पायामागे फुप्फुसांत गोळी बसली की हरीण फार लांब जात नाही.

आमच्या ग्वाल्हेरच्या घरी पणजोबांनी मारलेल्या सांबराची शिंगं आहेत, १९७२च्या कायद्याच्या कितीतरी आधीची. ते सांबर किती वेळाने मेलं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.